गावाकडून जुनी फियाट, अँबॅसेडर विकायची असेल तर: आरसीपासून किल्ली हातात देईपर्यंत

जुनी गाडी दुरुस्त करून परत उभी करणं एक काम आणि ती विकणं दुसरंच, दोन्हीचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. सेकंडहँड स्विफ्टचा रेट तालुक्यातल्या कोणत्याही दलालाला तोंडपाठ असतो, पण तुमच्या १९६८ च्या फियाटचा रेट कोणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि तिचं गिऱ्हाईक आपल्या विदर्भातल्या दारव्हा, आर्णी किंवा मोर्शीत बसलेलं नसतं. ते असतं नागपूरला, हैदराबादला, इंदूरला, पुण्याला. तो फोटो पाहून फोन करणार, दहा प्रश्न विचारणार, मग एवढ्या लांबून तुमच्या अंगणात येणार आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, एक आकडा चुकलेला दिसला की चहा पिऊन परत जाणार. म्हणून पहिल्यांदाच विकणाऱ्यांसाठी सांगतो, क्रम धरा. आधी कागद, मग गाडीची खरी हकीकत, मग भाव, आणि फोटो सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, पॉलिश मारली की लगेच फोटो टाकतात अन् मग गिऱ्हाईक दारात असताना आरसी शोधत पेटीतले कपडे उपसतात.

आरसी कोणाच्या नावावर आहे, हे आज बघा

आपल्याकडे निम्म्या गाड्यांची अडचण इथंच असते. गाडी कोठ्यात ताडपत्रीखाली वीस-पंचवीस वर्षं पडलेली, तुम्ही ती बाहेर काढली, पत्रा बदलला, इंजिन बांधलं, रंग दिला, सगळं झालं आणि आरसीवर नाव आजोबांचं. कोणी विचारतं तेव्हा फोनवर असंच ऐकू येतं, "भाऊ, गाडी आमच्या आज्याच्या नावावर हाये, आजा तं कधीचा गेला, आता डायरेक्ट गिऱ्हाईकाच्या नावावर नाही होत का?" नाही होत. आधी वारसाच्या नावावर, मग गिऱ्हाईकाच्या. मयत मालकाच्या गाडीसाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून दिलेलं.

खरा वेळ जातो तो या शेवटच्या कागदात. काका, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि गाडी गंजत पडली होती तेव्हा जिला कोणी विचारत नव्हतं तिची किंमत लाखात आहे असं कळलं की एखाद्याला अचानक आज्याची आठवण यायला लागते. माझा सल्ला असा की गाडी चमकवण्याच्या आधीच या सह्या घ्या. आत्या आर्वीला दिली असेल तर दिवाळीत भाऊबीजेला येतेच, त्याच वेळी कागद तयार ठेवा, आधारची झेरॉक्स घ्या, आणि गाडी विकल्यावर कोणाला काय देणार हे तिथंच सगळ्यांसमोर बोलून टाका. स्टँप पेपर पाचशेचा लागेल, २०२४ च्या ऑक्टोबरपासून राज्यात शंभर-दोनशेचं काम पाचशेवर गेलंय, नोटरीचे वेगळे.

दुसरी अडचण म्हणजे गाडी कॉम्प्युटरवर नसणं. १९८९ च्या आधीचे तीन इंग्रजी अक्षरांचे जुने नंबर तुम्ही पाहिले असतील, त्या गाड्यांचं रेकॉर्ड आरटीओच्या जाड रजिस्टरात होतं आणि बऱ्याच गाड्यांचं परिवहनच्या वेबसाइटवर चढलेलंच नाही. साइटवर नंबर टाकून बघा. काही दिसत नसेल तर मूळ आरसी, जुने टॅक्सचे कागद घेऊन जिथं नोंदणी झाली त्या आरटीओत बॅकलॉग एंट्रीचा, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घेण्याचा अर्ज करा. याला वेळ लागतो, फेऱ्या होतात, रजिस्टर सापडायलाच दिवस जातात, त्यामुळे हे काम गिऱ्हाईक मिळाल्यावर सुरू करायचं नसतं. आरसी हरवली असेल तर पोलिसात तक्रार आणि डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. आज्याने कधीकाळी बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली असेल आणि आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही आणून तो उतरवायचा, मग ती बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली असली तरी.

तो जुना नंबर मात्र जपा राजेहो. शौकीन माणूस मूळ नंबरसाठी जास्त पैसे मोजतो.

चेसिस नंबर बोटानं वाचता येतो का

हे छोटं काम आहे पण यावर सौदे मोडतात म्हणून जरा नीट सांगतो. आरटीओत कागदावर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, म्हणजे कोरलेल्या नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं पांढरी उमटतात. आता आपला पेंटर काय करतो, त्याला पत्रा गुळगुळीत दिसला पाहिजे, तो प्रायमर, पुट्टी, परत प्रायमर, मग रंगाचे कोट असं सगळं त्या नंबरवरूनच नेतो. गाडी दिसते झकास आणि नंबर बुजतो. पेन्सिल घासली की तीनचा आठ दिसतो, एकाचा सात.

गाडी रंगवायला देतानाच नंबरच्या जागेवर मास्किंग टेप लावायला सांगा. रंग चढून गेलाच असेल तर कापडाला थिनर लावून हळूहळू तेवढीच जागा पुसा, अक्षरांच्या खाचा जुन्या टूथब्रशने मोकळ्या करा, वर पातळ वार्निश. ग्राइंडर, पॉलिश पेपर, वायर ब्रश अजिबात लावू नका, आणि कोणी मिस्त्री म्हणाला की "पंचानं परत ठोकून देतो" तर त्याला हात जोडा. नंबर परत ठोकणं आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि छेडछाड केलेला नंबर दिसला की गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं तुम्हालाच.

इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. आपल्याकडच्या जीपा आणि अँबॅसेडरमधे कधीतरी पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलेलं असतं, शेतीच्या कामाला स्वस्त पडतं म्हणून, आणि आरसीवर पेट्रोलच राहतं. असं असेल तर आरटीओकडून नोंद करून घ्या नाहीतर विकताना हे पहिलंच भांडण.

व्हिंटेज नोंदणी करायची की साधीच ठेवायची

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मधे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल न केलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतर परत करायला ५ हजार. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी विकायला मनाई नाही, फक्त विकणारा आणि घेणारा दोघांनीही आपापल्या परिवहन खात्याला ९० दिवसांत कळवायचं.

ऐकायला भारी वाटतं म्हणून लोक लगेच त्यामागे लागतात. थांबा जरा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच. ज्याला रविवारी बायकोपोरांना घेऊन शेगावला जायचंय त्याला ही नोंदणी नको असते, ज्याच्याकडे आधीच चार गाड्या झाकून ठेवलेल्या आहेत त्याला हवी असते. मी तरी म्हणेन गाडीची साधी नोंदणी चालू असेल तर ती तशीच नूतनीकरण करून ठेवा आणि निर्णय नव्या मालकावर सोडा. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५, त्यासाठी गाडी इन्स्पेक्टरला दाखवावी लागते, ब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर चालू पाहिजे. मोटारीची ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झाली आणि जास्त जुन्या गाड्यांची त्यानंतर अजून वाढवलीये, त्याशिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर असतो, तेव्हा जायच्या दिवशीचा आकडा खिडकीवर विचारूनच पैसे न्या. पीयूसी आणि निदान थर्ड पार्टी विमा चालू ठेवा. एचएसआरपीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी बसली नसेल तर तेही उरकून घ्या.

सव्वीस जानेवारीला गाडी मिरवायची म्हणून कोणी घेत असेल तर ठीक, पण "वरातीले भाड्यानं देता येते का?" असं विचारणारे फोन लय येतात, त्यांना सरळ सांगा की पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी भाड्याने लावायची परवानगी नसते, व्हिंटेजला तर नाहीच नाही. तुम्ही होकार देऊन विकली आणि त्याला दंड झाला की फोन तुम्हालाच.

गाडीची खरी हकीकत एका वहीत

आता मुख्य गोष्ट. रिस्टोअर केलेल्या गाडीत काय मूळ आहे आणि काय बदललंय हे तुम्ही स्वतः लिहून दिलं तर गाडीचा भाव वाढतो, लपवलं आणि त्याने शोधलं तर सगळ्याच गोष्टींवरचा विश्वास जातो. येणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्याहून जास्त जाणकार असतो. तो खिशात छोटं मॅग्नेट घेऊन येतो, दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या गोलाईला, डिकीच्या कोपऱ्यांना लावत जातो आणि जिथं मॅग्नेट चिकटत नाही तिथं पुट्टी किती जाड आहे हे त्याला कळतं. त्यामुळे आधीच सांगा, "डाव्या मागच्या मडगार्डला पुट्टी आहे, फ्लोअरचा पत्रा पूर्ण नवीन वेल्ड केलाय, दोन्ही पुढची दारं मूळ आहेत." तो मान हलवतो आणि मॅग्नेट खिशात ठेवतो, असं बऱ्याचदा होतं.

वहीत काय लिहायचं: इंजिन बोअर केलं का, पिस्टन कोणत्या साइजचे, क्रँक घासला का, गिअरबॉक्स उघडली होती का, किंगपिन, पाटे, ब्रेकचे सिलिंडर, वायरिंग नवीन की जुनंच जोडलेलं, डायनमो ठेवला की अल्टरनेटर लावला, बंपरला निकल-क्रोम परत केलं की नवीन घेतले. सीटचं रेक्झिन कुठून आणलं हे पण लिहा, लोक विचारतात. बिलं चिकटवा, मग ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगारवाल्याचं कागदाच्या चिटोऱ्यावरचं बिल असो की दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून पार्सलने आलेल्या सामानाची पावती. काम चालू असतानाचे फोटो असतील, उघडा पत्रा, गंजलेला फ्लोअर, तर ते सगळ्यात जास्त कामाचे, रंग द्यायच्या आधीचा पत्रा ज्याने पाहिला त्याला मग शंका उरत नाही.

मॉडेलचं नाव बरोबर सांगा. पुढची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली १९५० च्या दशकातली ती डुक्कर फियाट, १९६४ पासूनची डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी, या तिघींना लोक सरसकट पद्मिनी म्हणतात. पण विकत घेणारा म्हणत नाही. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर डिलाइटलाही आहे आणि बऱ्याच पद्मिनींनाही, म्हणून पुढची जाळी, टेललाइट, डॅशबोर्ड पाहून मॉडेल ठरतं. अँबॅसेडरचं तसंच, १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती, लांबून सगळ्या सारख्या दिसतात पण मार्क वन आणि मार्क फोरच्या भावात मोठा फरक. तुमच्या मार्क टूला मार्क फोरची जाळी बसवलेली असेल तर तेही वहीत लिहा.

एक नवीन प्रश्न हल्ली नक्की येतो, पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचे रबरी पाइप, इंजिनजवळच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेली नाहीत, फुगतात, चिरतात. तुम्ही इथेनॉल चालणारे पाइप आणि पडदा टाकले असतील तर आवर्जून सांगा, नसतील टाकले तर विकायच्या आधी टाकून घ्या, खर्च फार नाही आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला की माणूस मागे सरकतो.

भाव

खर्च अधिक नफा असं गणित इथं लागत नाही. समजा तुम्ही गाडी सत्तर हजारात उचलली आणि साडेचार लाख घातले, तरी बाजार तुम्हाला पाच वीस देणारच असं काही नाही, पत्र्याचं काम दोनदा करावं लागलं याचे पैसे गिऱ्हाईक का देईल. आणि तुमचे स्वतःचे रविवार तर कोणीच मोजत नाही. भाव ठरवायचा तर त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेच्या चार-पाच जाहिराती बघा, शक्य असेल तर जिथं सौदा झालाय तिथं खरा आकडा विचारा, कारण जाहिरातीतला भाव हा मागणीचा असतो, मिळालेला नसतो.

मग मनात दोन आकडे ठेवा, एक बोलायचा आणि एक ज्याच्या खाली गाडी द्यायचीच नाही. दुसरा आकडा घरात बायकोला सांगून ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक समोर बसून गोड बोलत असताना तुम्ही घसरलात तर आतून आवाज येतो. फोनवर "भाऊ, शेवटचा किती ते सांगा" म्हणणाऱ्याला आकडा देऊ नका. गाडी न बघता शेवटचा भाव विचारणारा माणूस दहापैकी नऊ वेळा घेणारा नसतो, त्याला म्हणा गाडी बघा, मग बसून बोलू. आपल्या भागात ओळखीच्यातून येणारा एक वेगळा त्रास, मामाचा साला, सरपंचाचा मित्र, "घरचाच माणूस हाये, कमी करा ना". घरच्या माणसाला जुनी गाडी विकूच नये असं माझं मत आहे, पुढच्या प्रत्येक लग्नात कार्बोरेटरचा विषय निघतो.

कधी विकायची, कशी दाखवायची

मे महिन्यात नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गिऱ्हाईकासमोर बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू होते, हे आपल्याला माहीत आहे, पण पुण्याहून आलेल्या माणसाला ते फडकं पाहूनच घाम फुटतो. पावसाळ्यात गावाच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर ट्रायल देणं म्हणजे नंतर दोन दिवस धुणं. सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत, हवा थंड, रस्ते कोरडे, आणि इकडचं गिऱ्हाईक असेल तर कापूस-सोयाबीन विकून, आंबियाचा संत्रा देऊन हातात पैसाही असतो.

फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, साध्या भिंतीसमोर किंवा मोकळ्या शेताच्या बांधावर. चारही बाजू, चारही कोपरे, दाराच्या आतल्या कडा, डिकीचा तळ, फ्लोअर मॅट उचलून, बॉनेटखाली, आणि जॅकवर घेऊन खालून. जिथं ओरखडा आहे, जिथं क्रोम उडालंय त्याचे जवळून फोटो घ्या. थंड इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा एक सलग व्हिडिओ करा, सायलेन्सरचा धूर दिसेल असा, मधे कुठं कापू नका. आरसीचा फोटो मात्र सगळ्यांना पाठवू नका, त्यावरचे नंबर घेऊन लोक दुसऱ्याच गाडीचे खोटे कागद करतात, समोरचा खरा वाटला की दाखवा.

फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार ऐकून ठेवा. फोन येतो, मी सैन्यात आहे, गाडी न बघता घेतो, ट्रक पाठवतो, टोकन टाकतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. घरात म्हाताऱ्या माणसांच्या हातात फोन असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

ट्रायल

गाडी गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो, गरम लागलं की त्याला वाटतं थंड इंजिन चालू होत नसेल. त्याच्यासमोर चोक ओढा, चालू करा, दोन मिनिटं तशीच राहू द्या. आधी तुम्ही चालवा, तो बाजूला बसेल, दांडीचा गिअर कसा पडतो, क्लच कुठं धरतो हे दाखवा. मग त्याचं लायसन बघा, फोटो काढून घ्या, आणि स्टिअरिंग द्या, तुम्ही उतरायचं नाही. रस्ता आधीच ठरवलेला असू द्या, थोडा डांबरी, थोडा खड्ड्यांचा, एक चढ. चढावर ब्रेक मारून थांबवायला सांगा, परत उचलायला सांगा. पॉवर स्टिअरिंगवर वाढलेल्या पोराला या गाड्या जड वाटतात, ब्रेक दाबून लागत नाही असं वाटतं, तेव्हा तो काय म्हणतो यापेक्षा गाडी परत आणताना तो हसतोय का ते बघा.

गाडी कोणाला द्यायची हा प्रश्न जीव लावलेल्या माणसाला पडतोच. माझं साधं माप आहे, जो बिघाडाबद्दल विचारतो, मिस्त्री कोण, सामान कुठं मिळतं, ग्रीस किती दिवसांनी, तो गाडी ठेवणारा. जो फक्त रंग कोणता करता येईल, अलॉय बसतील का, एसी लागेल का विचारतो तो ती कापणार. पाच-दहा हजाराचा फरक असेल तर मी पहिल्याला देतो. पन्नास हजाराचा असेल तर मात्र दुसऱ्यालाही देतो, खोटं कशाला बोला.

इसार, पैसे, कागद

सौदा पटला की इसारचिठ्ठी करा, शेताच्या व्यवहारात करतो तशीच. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेला भाव, दिलेला इसार, बाकी कधीपर्यंत, आणि तारीख उलटली तर इसाराचं काय. ही शेवटची ओळ लाजेकाजे कोणी लिहीत नाही आणि मग इसार देऊन गेलेला माणूस दोन महिने फोन उचलत नाही, गाडी दुसऱ्याला देता येत नाही. पंधरा दिवस द्या, बस.

पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड जेवढी रक्कम घेतली तेवढाच, म्हणजे सगळीच. खात्यावर जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमधे स्वतः बघा, त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे जमा नाही.

राज्यातल्या राज्यात विकत असाल तर फॉर्म २९ दोन प्रतीत आणि फॉर्म ३०, तुमच्या आणि त्याच्या सह्या, विमा, पीयूसी, पत्त्याचे पुरावे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आरसीशी तुमचा आत्ताचा मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते आधी बघा, ऑनलाइन अर्जात ओटीपी तिथंच जातो, आणि तिथं पाच वर्षांपूर्वी बंद केलेलं सिम असेल तर सगळं अडतं. आपला भाग सीमेला लागून, गिऱ्हाईक बरेचदा तेलंगणा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचं, तेव्हा फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे आरटीओचा ना हरकत दाखला लागतो, त्याआधी सगळे ई-चलान आणि कर भरलेले पाहिजे, आणि कळवायची मुदत अशा वेळी ४५ दिवस. दिल्लीकडचा असेल तर तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या नियमाचं काय ते त्याने स्वतः बघून घ्यावं, तुम्ही हमी देऊ नका.

नाव ट्रान्सफर व्हायच्या आधी गाडी न्यायची घाई प्रत्येकाला असते. "मी करून घेतो ना भाऊ, तुम्ही फक्त सह्या द्या" हे वाक्य ऐकून कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका. २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय, गाडी एकापाठोपाठ हात बदलत गेली होती, रेकॉर्डवर नाव मात्र पहिल्याचंच होतं, आणि अपघाताची भरपाई त्या नोंदणीवरच्या मालकावरच आली. म्हणजे तुम्ही गाडी विकून तीन वर्षं झाली तरी नाव तुमचं असेल तर जबाबदारी तुमची. शक्यतो अर्ज दोघांनी मिळून भरून, पावती हातात घेऊनच गाडी सोडा. सोबत डिलिव्हरीची चिठ्ठी, त्यात तारीख आणि वेळ दोन्ही, "आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी गाडी ताब्यात दिली, यापुढील अपघात, चलान, गुन्हा याची जबाबदारी घेणाऱ्याची", दोन साक्षीदार. ही चिठ्ठी ट्रान्सफरची जागा घेत नाही पण मधल्या दिवसांत आधार असतो. विमाही १४ दिवसांत त्याच्या नावावर करायला सांगा. एवढ्या जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, तिथं तुमची वही आणि बिलं त्याच्या कामी येतात.

गाडी जाताना

लांब जाणार असेल तर चालवत नेण्याचा हट्ट करू देऊ नका, सपाट ट्रकवर न्या म्हणा, भाडं त्याचं. पट्टे टायरला बांधायचे, बंपरला नाही, बंपरला बांधून नेल्यावर वाकलेले कंस पाहिलेत मी. टाकीत पाच-सात लिटरच्या वर पेट्रोल ठेवू नका, बॅटरीची एक वायर काढा. नारळ, हळदकुंकू घरच्यांना करू द्या, वेळ लागतो पण नव्या मालकालाही ते आवडतं.

सोबत एक डबा द्या. कॉन्टॅक्ट पॉइंटचा सेट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, पंपाच्या पडद्याचं किट, दोन-चार प्लग, फ्यूज, मूळ जॅक आणि हँडल. काढून ठेवलेले जुने मूळ पार्ट, तुटका का असेना तो हॉर्नचा बटण, जुनी जाळी, सगळं द्या, आपल्याकडे ते अडगळीत पडणार, त्याला सोनं वाटतं. आणि एका कागदावर हातानं लिहून द्या: थंडीत चोक किती, गरम असताना चोक न ओढता कसं चालू करायचं, कोणतं ऑइल घातलंय, ग्रीसचे निप्पल कुठं कुठं, काटा खोटा दाखवत असेल तर किती खोटा, रिव्हर्स कसा अडकतो आणि कसा सोडवायचा. मिस्त्रीला विचारून त्याचा नंबरही द्या, त्याला न विचारता देऊ नका, रात्री अकराला व्हिडिओ कॉल येतात.

पहिले दोन-तीन महिने त्याचे फोन येतील, घ्या. पण फोनवर दुरुस्तीची हमी देऊ नका, चिठ्ठीत "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं असतंच. अधूनमधून परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का बघत राहा, महिनाभरात बदललं नाही तर आरटीओत अर्जाची पावती घेऊन जा आणि स्थिती विचारा. नाव बदललेलं दिसलं की त्याच दिवशी फास्टॅग तुमच्या खात्यातून बंद करा, नाहीतर तो नागपूर ते हैदराबाद जाईल आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल.